खरी तारीख, सांगायची तारीख

रफिक, आज तुला जाऊन अकरा दिवस झाले आणि माझा तुझ्यावरचा संशय अजून फिटलेला नाही. माणूस गेला की त्याच्याबद्दल मनात साठलेलं आपोआप निवळतं, असं मला वाटायचं. तसं काही होत नाही. उलट आता तू उत्तर द्यायला नाहीस म्हणून मी जास्तच खोदून खोदून विचारतो आहे. गेल्या आठवड्यात वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता मी तुझ्याशी भांडत होतो. पोरं हसली तेव्हा कळलं की माझे ओठ हलत होते.

माझा स्वभाव तुला पाठ होता. दूधवाल्याचं माप मी हातात घेऊन त्याचा तळ बघतो. कंडक्टरनं "आता निघूच" म्हटलं की खाली उतरून ड्रायव्हर कुठे आहे ते पाहून येतो. तू पहिल्यांदा भेटलास तेव्हाही मी पोलिसानं घ्यावी तशी तुझी झडती घेतली होती. जाफराबादला तुझा कॉम्प्युटर क्लास नुकता सुरू झाला होता, बाहेर टायपिंगच्या क्लासची जुनी पाटी तशीच लटकत होती. मी केदारखेड्याच्या शाळेत मराठी शिकवणारा मास्तर, सहामाहीच्या प्रश्नपत्रिका टाइप करून घ्यायला आलो होतो. प्रश्नपत्रिका झाल्यावर तू पडद्यावर काहीतरी उघडलंस आणि म्हणालास, "गुरुजी, हे बघा. हे सगळं जगभरातली लोकं मिळून करून राह्यली. कोणीही घ्या, कोणीही उघडून आत काय आहे ते बघा, वाटलं तर बदला. फक्त सगळं इंग्रजीत आहे. आपण ह्याला मराठीत करू."

"फुकट कशाला देईल कोणी?" मी विचारलं.

"देतेत."

"त्यांचा काय फायदा?"

"काही न्हाई."

"मंग तुझा काय फायदा?"

तू हसलास आणि चहा मागवलास. तो प्रश्न मी पुढची कित्येक वर्षं तऱ्हेतऱ्हेनं विचारला आणि दर वेळी तू चहाच मागवलास. सरळ उत्तर दिलं असतंस तर काय बिघडलं असतं?

काम मात्र तू छान समजावून दिलंस. कॉम्प्युटर चालवणारी ही प्रणाली दर सहा महिन्यांनी नवी निघते. निघायच्या आधी काही आठवडे तिच्यातली इंग्रजी वाक्यं गोठतात. गोठतात हा तुझाच शब्द. एकदा गोठली की लिहिणारे त्यात फेरफार करत नाहीत, आणि तेवढ्या मुदतीत जगातल्या साऱ्या भाषांनी आपापली भाषांतरं पाठवायची. शंभरातली ऐंशी वाक्यं झाली असतील तर भाषा त्या आवृत्तीत, नाहीतर बाहेर. बाहेर राहिली की पुढचे सहा महिने बसा वाट बघत. तू बोटांवर मोजून दाखवलंस: केव्हा गोठणार, केव्हा आपलं काम तुझ्या हातात यायला पाहिजे, केव्हा तू ते जालन्याला जाऊन पाठवणार. जाफराबादला फोनची लाइन अशी होती की एक पान उघडेपर्यंत चहा निवायचा. म्हणून दर शनिवारी तू भोकरदनमार्गे जालन्याची गाडी धरायचास. गाडी केदारखेड्याला थांबली की मी गावच्या पतसंस्थेच्या कॉम्प्युटरवर भरलेली, साबणाच्या डबीत घातलेली फ्लॉपी खिडकीतून तुझ्या हातात द्यायचो. तिथून पुढे जालन्याच्या सायबर कॅफेतून ती जगात जायची. आपण तिघंच होतो. तू, मी आणि मंठ्याच्या सुनंदाताई, ज्या अंगणवाडीचं काम सांभाळून मेनूतले शब्द करायच्या आणि आपली फ्लॉपी मंठ्याहून येणाऱ्या कंडक्टरबरोबर धाडायच्या.

गोड दिवस होते, हे कबूल करतो. एका दुपारी तुझ्या क्लासमध्ये पहिल्यांदा पडद्यावर 'फाइल उघडा' अशी अक्षरं आली तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो. मला रडू येत होतं आणि ते तुला दिसू नये म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं. त्या भिंतीवर तुझं कॅलेंडर होतं. तिथूनच सगळं सुरू झालं.

कॅलेंडरवर निळ्या शाईनं, मराठीत, एका तारखेवर गोल करून तू 'गुरुजी' असं लिहिलं होतंस. ती तारीख मला माहीत होती, तूच सांगितलेली. पण त्याच्या पुढच्या ओळीत, आणखी एका चौकोनात, बारीक अक्षरांत उर्दूत काहीतरी होतं. मला उर्दू येत नाही. तुला ते ठाऊक होतं. मी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेलो आणि शेजारच्या दुकानातल्या दर्जीला, त्या म्हाताऱ्या करीमचाचांना, हाताला धरून आत आणलं. तू कोणाची तरी फी घेत होतास. चाचांनी चष्मा वर केला, खाली केला आणि मोठ्यानं वाचलं, "असली तारीख."

तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. चाचांना काय झालं तेच कळेना. ते बिचारे परत शिलाईला बसले.

"आठ दिवस," मी म्हणालो. "आठ दिवस आधीची तारीख सांगतो मला? मी काय पोरगा आहे?"

"गुरुजी, तुमच्याकडच्या लग्नातून शिकलो मी हे," तू शांतपणे म्हणालास. "पत्रिकेत साडेअकराचा मुहूर्त छापतेत. अक्षता पडतेत दीडला. का? लोकं दीडला येतेत म्हणून. दीडचा छापला तर लोकं चारला येतील."

"आणि ज्याला साडेअकरालाच यायची सवय आहे, तो काय करंल?"

"असा एक माणूस दाखवा."

उत्तर मला घरी जाता जाता सुचलं. सुनंदाताई. पुढच्या वेळी त्या तुझ्या क्लासवर आल्या तेव्हा मी सहज विचारतोय असं दाखवून त्यांची तारीख काढून घेतली. त्यांना तू खरी सांगितली होतीस! तीच, उर्दूवाली! मला हे झोंबलं. त्यांना खरी आणि मला खोटी. मी तुला विचारलं तर म्हणालास, "ताईला तारीख सांगितली की त्या तारखेला काम येतं. तुम्हाला सांगितली की त्या तारखेला तुम्ही येता, काम येत न्हाई."

सुनंदाताई तोंडाला पदर लावून हसल्या. मला ते हसणं अजून आठवतं.

मग आपला तो खेळ सुरू झाला. तू आठ दिवस आधीची सांगायचास, मी मनात आठ मिळवायचो. माझी फ्लॉपी बरोबर खऱ्या तारखेला यायला लागली तसं तुझ्या लक्षात आलं आणि तू पंधरा दिवस आधीची सांगायला लागलास. उर्दूतली ओळही कॅलेंडरवरून नाहीशी झाली. मी दोन आवृत्त्या अंदाज घेतला आणि पंधराचा हिशेब पकडला. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की दोन शहाणी माणसं मिळून काम करतायत. आत हा प्रकार.

आणि मला एवढी मुदत लागायचीच का, हे तुला मी कधी सांगितलं नाही. आळस नव्हता तो. तुझ्या हातात फ्लॉपी लवकर पडली की तू माझ्या वाक्यांना हात लावायचास. मी 'विलोपन करा' लिहिलं होतं, आवृत्ती निघाली तेव्हा पडद्यावर 'काढून टाका' होतं. मी 'पुनःस्थापित करा' लिहिलं होतं, तिथं 'परत आणा' होतं. विचारलं तर म्हणालास, "बाजारातल्या माणसाला कळलं पाहिजे गुरुजी." बाजारातल्या माणसानं माझ्याकडे तक्रार केली होती का? तुला जितके दिवस मिळतील तितकी माझी वाक्यं बदलणार, हे मी ओळखलं होतं. म्हणून मी शेवटच्या शनिवारपर्यंत डबी हातची सोडायचो नाही. आज 'काढून टाका' हेच बरोबर होतं असं मला वाटतं. तू असताना मी हे मेलो तरी म्हटलं नसतं.

आता त्या आवृत्तीचं बोलू. तुझ्या-माझ्यात जे तुटलं ते तिथंच.

शाळेला त्या वर्षी चार कॉम्प्युटर मिळाले होते. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं होतं, "सर, तुमचं ते मराठीवालं सप्टेंबरात येत असंल तर तेच बसवू. न्हाईतर जिल्ह्यावरून माणूस येईल तो जे बसवील ते." मी छाती पुढे काढून हो म्हणालो. सातवी-आठवीच्या वर्गांत सांगून आलो की तुम्ही कॉम्प्युटर चालू कराल तेव्हा तो तुमच्याशी मराठीत बोलेल. घरी बायकोला सांगितलं. पोस्टमनलासुद्धा सांगितलं. एवढी मोठी गोष्ट माझ्या हातून पुन्हा होणार नव्हती, आणि मला ते माहीत होतं.

एका शनिवारी गाडी केदारखेड्याला थांबली. तू नेहमीसारखा खिडकीतून हात काढायच्या ऐवजी खाली उतरलास. ड्रायव्हर ओरडत होता. तू माझा दंड धरलास आणि म्हणालास, "गुरुजी, ह्या वेळी वाक्यं उशिरा गोठली. मधी जागाच न्हाई. पुढचा शनिवार शेवटचा. खरा शेवटचा. त्याच्यापुढं एक दिवस न्हाई."

"बरं," मी म्हणालो.

"बरं न्हाई. बिलकुल खरं सांगून राह्यलो. आईची शपथ."

शपथ ऐकली आणि माझा संशय पक्का झाला. इतकी वर्षं तू कधी शपथ घेतली नव्हतीस. पंधराचा हिशेब मला कळलाय हे तुझ्या ध्यानात आलंय आणि आता तू नवीन युक्ती काढली आहेस, असं मी मनाशी धरलं. पंधरा नसतील तर आठ तरी असतीलच.

पुढच्या शनिवारी गाडी आली. तू खिडकीतून हात बाहेर काढलास. मी थांब्यावर उभा होतो. जे कोणालाच सांगितलेलं नाही ते आज तुला सांगतो, रफिक. फ्लॉपी माझ्या खिशात होती. काम पूर्ण झालेलं होतं. ऐंशी काय, शंभरातली नव्वद वाक्यं झाली होती. पण दिली तर आठ दिवस तुझ्याकडे राहणार आणि तू पुन्हा त्यात खोडाखोड करणार, म्हणून मी हात हलवला आणि म्हणालो, "थोडं राह्यलंय. पुढच्या शनिवारी देतो."

गाडी हलली. बरंच अंतर गेली तरी तुझा हात खिडकीबाहेर तसाच उघडा होता. मी घरी आलो आणि जेवलो.

पुढच्या शनिवारी तू गाडीत नव्हतास. मी त्या गाडीनं जालन्याला जाऊन स्वतः बघितलं. आवृत्ती निघाली होती. भाषांच्या यादीत मराठी नव्हती. ज्या भाषा बोलणारी माणसं आपल्या तालुक्याएवढीसुद्धा नसतील अशा भाषा होत्या. मी ती यादी तीनदा वर-खाली केली.

जिल्ह्यावरचा माणूस आला आणि त्यानं चार कॉम्प्युटरवर काय ते इंग्रजी बसवून दिलं. मुख्याध्यापकांच्या खोलीत सगळे बसले होते. कोणीतरी विचारलं, "सर, तुमच्या मराठीचं काय झालं?" आणि मी म्हणालो, "जाफराबादच्या त्या रफिकनं तारीख लपवली माझ्यापासून. नेहमीच लपवतो तो."

हे अर्धं खरं होतं, म्हणून ते सगळ्यांना पटलं. आमच्यातला एक जण कपात फुंकर मारत म्हणाला, "त्या लोकांना काय पडलंय हो मराठीचं." मला ते ऐकू आलं. मी नाही म्हणू शकलो असतो. म्हणू शकलो असतो की अरे, तुम्ही सगळे मराठी शाळेतले मास्तर इथं बसलेले आहात, आणि दर शनिवारी धक्के खात प्रवास करून आपली भाषा जालन्याला पोचवणारा एकटा तो आहे. मी बशीतला चहा प्यालो. तुझ्यावर संशय होता तो माझा, माझ्या कारणासाठी होता. तो मी त्या माणसाच्या हातात दिला आणि त्यानं तो भलत्याच कामाला लावला. याची मला लाज वाटते. आधी वाटत नव्हती, आता वाटते.

ते बोलणं तुझ्यापर्यंत पोचलं. कसं पोचलं ते मी शोधून काढायचा प्रयत्न केला होता, म्हणजे बघ मी किती नीच. तू शाळेच्या फाटकाशी आलास, आत आला नाहीस. मधली सुट्टी होती. मला वाटलं तू आता ओरडशील, आणि मी उत्तरं तयार ठेवली होती. तू एवढंच म्हणालास, "गुरुजी, हे बनवणाऱ्या लोकांच्या पत्रव्यवहाराची यादी इंटरनेटवर उघडी असती. मी लिहिलेलं, त्यांनी लिहिलेलं, सगळं तिथं आहे. कोणीही वाचावं. तुम्ही जा आणि वाचा."

मी गेलो नाही. ज्यानं स्वतःहून वाचा म्हटलं त्यानं आधीच सगळं नीट रचून ठेवलेलं असणार, असं मला वाटलं.

तरी काम थांबलं नाही. याचं मला नवल वाटतं. डिसेंबरात तू फोन केलास, लग्नात भेटलेल्या परक्या पाहुण्याशी बोलावं तसं बेताचं बोललास आणि मार्चच्या आवृत्तीची तारीख सांगितलीस. मी सुनंदाताईंना विचारून पाहिलं. तू मला पुन्हा पंधरा दिवस आधीची सांगितली होतीस. रफिक, मला इतकं हायसं वाटलं! तू माझ्याशी पुन्हा खोटं बोलायला लागला होतास म्हणजे आपलं पूर्वीसारखं झालं होतं. मार्चला मराठी आली. पण शाळेतले कॉम्प्युटर तोवर ठरून गेले होते, आणि तू खिडकीतून डबी घेताना माझ्याकडे बघेनासा झालास. डबीच बघायचास.

अशीच आणखी काही वर्षं गेली. फ्लॉपी गेली, पेनड्राइव्ह आला. जाफराबादला बरी लाइन आली, तरी तू शनिवारची गाडी सोडली नाहीस. सुनंदाताई एकदा म्हणाल्या, "सर, रफिकभाईंना आता जालन्याला जायची गरज न्हाई. घरून पाठवता येतंय त्यांना. मंग कशाला जातेत?" मी म्हणालो, "त्याचं काहीतरी दुसरं काम असंल तिथं." मला खरंच तसं वाटलं होतं.

तुला कावीळ झाली होती आणि ती बळावली हे मला माहीत होतं. दोन शनिवार तू आला नव्हतास. सोमवारी दुपारी शाळेत फोन आला. तुझी बायको, शबाना भाभी. जालन्याच्या दवाखान्यातून बोलत होत्या. "गुरुजी, डॉक्टर दो-तीन दिन बोल रहें. आप आ जाव."

मी हो म्हणालो आणि फोन ठेवला. आणि माझ्या डोक्यानं आपणहून हिशेब केला. दोन-तीन दिवस म्हणजे आठवडा तरी. डॉक्टर दिवस कमी करून सांगतात, घरचे त्यातून आणखी कमी करून सांगतात. मी मंगळवारी पेपर तपासले. बुधवारी सप्टेंबरच्या आवृत्तीचं काम संपवलं. मुदतीच्या कितीतरी आधी, आयुष्यात पहिल्यांदा. ते पेनड्राइव्हवर घेतलं. तुझ्या हातात देऊन म्हणायचं होतं, हे घे, बदल काय बदलायचं ते. गुरुवारी सकाळी जालन्याच्या गाडीत बसलो तेव्हा मी स्वतःवर खूश होतो. माझ्या हिशेबानं मी चार दिवस लवकर निघालो होतो.

दवाखान्यात तुझी खाट धुऊन काढत होते. तुला घेऊन गाडी तासाभरापूर्वी निघाली होती. म्हणजे राजूरच्या आसपास कुठेतरी आपण एकमेकांच्या समोरून गेलो. मी खिडकीत होतो, पण बाहेर बघत नव्हतो. जीप बदलत बदलत जाफराबादला पोचलो तेव्हा लोक माती देऊन परत फिरत होते. करीमचाचा भेटले. त्यांनी माझा हात धरला आणि काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

परवाच्या शनिवारी मी जालन्याला गेलो. तू गेल्याचं त्या लोकांना कळवायला पाहिजे होतं, आणि माझं कामही पाठवायचं होतं. पण खरं सांगतो, मी तुझ्याविरुद्धचा पुरावा शोधायलाही गेलो होतो. तुझं काहीतरी खोटं सापडलं तर मला झोप लागेल असं वाटत होतं. मी ती उघडी यादी उघडली आणि त्या सप्टेंबरापर्यंत मागे गेलो. कॅफेतल्या मुलीनं दाखवलं कसं जायचं.

तुझं पत्र होतं. मी फ्लॉपी दिली नाही त्याच शनिवारचं, जालन्याहून लिहिलेलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. मराठीचं काम पूर्ण झालेलं आहे, असं तू लिहिलं होतंस. भाषांतर करणारे शिक्षक आहेत, त्यांनी वेळेत केलं, पोचवण्यात माझ्याकडून हयगय झाली, तर तीन दिवस मिळतील का. खाली कोणा परक्या माणसाचं दोन ओळींचं उत्तर, की आवृत्ती बांधून झाली, माफ करा, पुढच्या वेळी. त्याखाली तुझं आणखी एक पत्र. एकच दिवस तरी. त्याला उत्तरच नव्हतं.

मी ते वाचलं आणि लगेच माझा संशय जागा झाला. काम पूर्ण झालंय हे तुला कुठून कळलं? मी तर थोडं राह्यलंय म्हणालो होतो. तू मला वाचवायला ठोकून दिलंस, की तुला ठाऊक होतं? मग आठवलं की त्या दिवशी मी पातळ पांढरा सदरा घातला होता. बसच्या खिडकीतून थांब्यावरच्या माणसाचा खिसा बरोबर डोळ्यांसमोर येतो. तुला फ्लॉपी दिसत होती, रफिक. हात बाहेर ठेवून तू तिच्याकडेच बघत होतास. आणि तरी शाळेच्या फाटकाशी येऊन तू मला तसं म्हणाला नाहीस. म्हणायला पाहिजे होतंस. मी तुझ्यावर चिडलोच आहे त्याबद्दल. सहा-सात वर्षं मला तुझ्याबद्दल वाईट विचार करू दिलास.

काल तुझ्या घरी गेलो. भाभी इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर बाईनं पाळायच्या त्या दिवसांत, म्हणून पडद्याआड बसल्या. इकडे तुझा भाऊ माझ्याजवळ बसला होता. चहा आला. मी काय बोलावं ते ठरवून गेलो होतो. उशीर झाला एवढंच म्हणालो.

पडद्यामागून भाभी म्हणाल्या, "वो सोमवार कू बोले थे मेरे कू. गुरुजी कू आजच बुला ले. आजच का दिन है बोल. दो दिन बोलेगी तो वो चार दिन से आयेंगे."

तुझ्या भावानं मान खाली घातली. मी कप खाली ठेवला.

"मैं नहीं सुनी उनका," भाभी बोलत होत्या. "मैं बोली, बीमार आदमी के सिरहाने बैठ के झूट कायकू बोलना? डॉक्टर जो बोले, मैं वोइच बोली आप कू." मग म्हणाल्या, "बुधवार की शाम तक दरवाजे कू देख रहे थे. मैं गलत करी क्या गुरुजी?"

पडद्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता आणि त्यांना माझा. त्या उत्तराची वाट बघत होत्या.

"न्हाई, भाभी," मी म्हणालो. "तुम्ही बराबर सांगितलं. मलाच खरं सांगून चालत न्हाई. हे फक्त रफिकला माहीत होतं."